पांढरी चिंधी

केर्त्तुने बंदूक गोधडीत गुंडाळून आणली होती. ती दुकानाच्या दारातच उभी राहिली, आत येईना.

"आत ये, नाहीतर बाहेर जा, पण दार लाव," मी म्हणालो. "सरपण काय आभाळातून पडतं?"

मी असाच बोलतो. माझा सगळा जन्म तांब्याच्या खाणीवरच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला, आणि तिथे गोड बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे. खाण बंद पडल्यावर घरामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करायला लागलो. धंदा बदलला, जीभ तीच राहिली.

ती आत आली, गोधडी बाकावर ठेवली आणि मागे सरकून हात कोटाच्या खिशात घातले. आत कुणाची बंदूक आहे ते मला न उघडताच कळलं. सरोवराच्या ह्या काठावर कुणालाही कळलं असतं.

तिचा नवरा ओन्नी गेल्या नोव्हेंबरात हरणांच्या हंगामात गेला. गोळी चालवली ती त्याच्याच मुलाने, आर्नेने. अंधारून आलं होतं, बर्फ भुरभुरत होता. ओन्नीने दलदलीच्या पलीकडे एक नर पाडला होता. जागा सापडावी, कोल्ह्यांनी तोंड लावू नये म्हणून त्याने अंगातला नारिंगी कोट, झाडीत माणूस ओळखू यावा म्हणून शिकारी घालतात तो, काढून वरच्या फांदीला अडकवला. आम्ही सगळेच तसं करतो, माणसाचा वास असला की जनावर फिरकत नाही. मग हरीण ओढायला मदत हवी म्हणून तो पोराला बोलवायला नुसत्या तपकिरी स्वेटरवर झाडीतून निघाला. वाटेत कशाला तरी वाकला, बुटाच्या नाडीला असेल. आर्नेला झाडीत तपकिरी पाठ दिसली. आणि आर्नेचा नेम कधी चुकत नसे.

शेरीफने अपघात म्हणून नोंद केली आणि बंदूक घरी परत पाठवली. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी होती. तिथे एकेकाने आर्नेच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तुझा काही दोष नाही. मीही सांगितलं. त्यानंतर त्या विषयावर कुणी तोंड उघडलं नाही. आम्ही फिन माणसं, फिनलंडहून अमेरिकेत खाणीपायी आलेल्यांची पोरं, अशीच. घरात कुणी मेलं तर आधी फावडं घेऊन दारातला बर्फ काढतो, आणि मग शेजाऱ्याला सांगतो, तेही त्याने विचारलं तर.

"काय करायचंय हिचं?" मी गोधडी उलगडत विचारलं.

"नळी बदला. दुसऱ्या काडतुसाची घाला."

"का? आहे त्यात काय वाईट आहे?"

"घरात काडतुसांची ती पेटी आहे, ताउनो. एक कमी असलेली. मला ती टाकवत नाही आणि बघवतही नाही. त्यातलं एकही पुन्हा ह्या बंदुकीत जाता कामा नये. गेलंच नाही पाहिजे, असं करा."

"मग बंदूकच विकून टाक ना."

"विकली तर आर्ने म्हणेल, आईला ती घरात नको झाली. त्याचा अर्थ तो काय घेईल? की मला तोच नको झालाय."

"नवी घे मग त्याला."

"शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलते मी. खाण नाही माझ्या मालकीची." मग ती बाकाच्या कडेवर टेकली. "त्याला ह्या हंगामाला शिकारीच्या कॅम्पवर पाठवायचंय. ह्या वर्षी गेला नाही तर तो कुठेच जाणार नाही. त्या खुर्चीतून उठणारच नाही कधी. माझे आजोबा असते तर म्हणाले असते, बंदूक नासली आहे, कुणाची तरी नजर बसली आहे, वाहत्या ओढ्यात ठेवा रात्रभर. मी म्हटलं, आधी ताउनोकडे नेऊ."

"ओढ्याने गंजच चढला असता. आणलीस ते बरं केलंस."

ती हसली नाही. म्हणाली, "तो पुसतो तिला."

"पुसायलाच हवी."

"रोज. जेवण झालं की भिंतीवरून काढतो, गजाला चिंधी लावतो, नळीतून फिरवतो. चिंधी दिव्याखाली धरून बघतो. मग टाकून देतो आणि दुसरी घेतो. वर्ष होत आलं. माझ्या चादरी संपल्या. मी म्हणते, अरे स्वच्छ आहे. तो म्हणतो, नाही. तेवढंच बोलतो दिवसभरात." तिने कान चोळला. "तो आवाज मला शाळेतसुद्धा येतो. भांडी घासताना. सर्र, सर्र. मी नळ बंद करून उभी राहते तरी येतो."

मी बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती खीळ, काढला आणि नळी उजेडाकडे धरली. आतून आरशासारखी होती. मग तोंडाशी भिंग लावलं, आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. नळीच्या आत पिळाच्या रेषा असतात, गोळीला गिरकी देणाऱ्या. तोंडापाशी त्या उरल्याच नव्हत्या. अशी बंदूक बोल्ट काढून मागच्या बाजूने पुसायची असते. ओन्नीकडे पूर्वी खालचा दांडा ओढून भरायची जुनी बंदूक होती, तिची नळी मागून उघडत नसे, ती समोरूनच पुसावी लागे. पोराने बापाचं बघून तेच उचललं होतं. गोळ्या झाडून झाडून मेलेल्या नळ्या मी खूप पाहिल्या आहेत. पुसून पुसून मारलेली ही पहिलीच.

"नळी तशीही बदलावीच लागणार," मी म्हणालो. "हिच्यातून आता सरळ काही जायचं नाही."

"जुनी त्याच्या नजरेला पडू देऊ नका," असं काहीतरी ती जाताना म्हणाली. मी तेव्हा भिंगातून बघत होतो. हो म्हणालो असेन.

नवी नळी विकत घ्यायची म्हणजे तिच्या पगाराच्या बाहेरची गोष्ट. पण माझ्याकडे एक वापरलेली पडून होती, टू-सेव्हंटी नावाच्या काडतुसाची. डुलुथ शहरातून एक दातांचा डॉक्टर आला होता, त्याला काहीतरी भारी फॅशनचं हवं होतं, त्याने मूळची माझ्याकडेच सोडली. ओन्नीची होती थर्टी-ऑट-सिक्स. दोन्ही काडतुसांचं बूड एकच, फक्त टू-सेव्हंटीची गोळी बारीक. म्हणजे बोल्ट तोच चालतो, बंदुकीतला काडतुसांचा खण तोच चालतो, बदलायची ती नुसती नळी. आणि जुनं काडतूस नव्या नळीत कुणी घालायला गेलंच, तर ते शिरत नाही. केर्त्तुला हवं होतं ते नेमकं हेच.

त्यातून ओन्नीची बंदूक गरिबाची होती. असल्या बंदुकीत नळीच्या मुळाशी एक मोठा नट असतो, तो सोडला की नळी फिरवून काढता येते, लेथ लागत नाही. मी बंदुकीचं धड, ज्यात नळी बसते ते, व्हाइसमध्ये आवळलं, नटाला तेल सोडलं, गॅसच्या ज्योतीने थोडी धग दिली, आणि पान्यावर सगळं वजन टाकलं. नट कण्हला आणि सुटला. नवी नळी हाताने फिरवत बसवली, आत मापाचं खोटं काडतूस ठेवून बोल्ट त्यावर अलगद मिटेल इथपर्यंत आणली, तिथेच धरून नट घट्ट केला. मग मोठ्या मापाचं घातलं. त्यावर बोल्ट मिटला नाही. मिटायचाच नसतो. सकाळी खडीच्या खाणीत जाऊन मी स्वतः पाच गोळ्या झाडून बघितल्या, एका कपाच्या तोंडात मावतील अशा बसल्या. काम चोख झालं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला. खोटं का बोलू?

माझी बायको हेल्वी दारात येऊन बघत होती. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ती म्हणाली.

"मग काय करू? मी पाद्री आहे का?"

"नाहीस. तुला बोलता येत नाही, म्हणून तू पाना फिरवतोस. सगळे पुरुष तसलेच. कुणाला पाना, कुणाला फावडं. तो बिचारा आर्ने गज फिरवतो, मग त्यालाच वेडा का म्हणता?"

मी तिला म्हटलं, कॉफी कर. ती म्हणाली, तूच कर.

जुनी नळी व्हाइसजवळ पडली होती. सुटी नळी हातात आली की कुणीही आरपार बघतोच, सवय असते. मी ती दाराच्या उजेडाकडे धरली. आत फिरत गेलेल्या रेषा, त्यांच्या टोकाला उजेडाचं एक गोल, आणि त्या गोलात एक माणूस उभा. तपकिरी कपड्यांत, माझ्याकडे पाठ करून.

मी भुतंखेतं मानत नाही. तरी नळी माझ्या हातून बाकावर आपटली.

आर्ने होता. अंगात बापाचा जुना स्वेटर. नळी वाजली तसा तो वळला. पूर्वी गुबगुबीत होता हा मुलगा, कॅम्पवर सगळ्यात आधी ताटाशी बसायचा. आता गालांत खड्डे पडले होते, आणि हातांना नळी साफ करायच्या तेलाचा वास होता, तो येण्याआधी त्याचा वास आत आला.

"आईने पाठवलं," तो म्हणाला. "झाली का?"

"झाली. घे बघ."

त्याने हात पुढे केला नाही. मान वाकडी करून बंदुकीच्या धडाची कड बघितली, मग डोळे मिटून तिथे कोरलेला नंबर म्हणाला. सगळा, एकही आकडा न चुकता. शेरीफच्या माणसाने त्याच्यासमोर तो मोठ्याने वाचला होता, असं मला नंतर कळलं.

"हा तोच आहे," आर्ने म्हणाला.

"नंबर धडावर असतो, बाबा. कायद्याने बंदूक म्हणजे तेवढंच. नळी, दस्ता, बाकी सगळं सुटं सामान."

म्हणालो आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"म्हणजे तीच आहे," तो म्हणाला. रागाने नाही. माझ्याकडून खात्री करून घेतल्यासारखा. "ही नळी कुणाची होती, ताउनोकाका?"

"डुलुथच्या एका दातांच्या डॉक्टरची."

"हिने काय काय मारलंय?"

"हरणं. तीही लागली असतील की नाही देव जाणे. तो माणूस मला गवतात गोळ्या पेरणाऱ्यातला वाटला."

"पण तुम्हाला माहीत नाही."

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

त्याने मान हलवली. नव्या नळीवरून नजर फिरवली. "कॅम्पच्या भिंतीवर माझा एकही तुकडा नाही," तो अचानक म्हणाला.

आमच्या कॅम्पवर कुणाचा नेम चुकला की बाकीचे त्याला धरतात, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापतात, त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीला खिळ्याने ठोकतात. मग वर्षानुवर्षं त्यावरून टिंगल. माझेच तुकडे जोडले तर एक पडदा होईल.

"बाबांचे कितीतरी आहेत," आर्ने म्हणाला. "तुमचे आहेत. माझा एक नाही. सगळे म्हणायचे, हा पोरगा चुकतच नाही. मलाही बरं वाटायचं. ताउनोकाका, एकदा तरी चुकायला हवा होता ना माझा?"

मी म्हणालो, "कॉफी घेतोस?"

"नको. जुनी नळी द्या."

आता हे ऐका. दुरुस्तीवाल्याचा एक नियम आहे, मला तो कारखान्यात पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. काढलेला भाग मालकाचा. मोडका असो, झिजलेला असो, तो मालकाच्या हातात द्यायचा, नाहीतर लोक म्हणतात ह्याने बदललाच नाही, नुसते पैसे घेतले. माझा हात आपोआप गेला. मी नळीला सुतळी बांधली आणि त्याच्या हातात दिली. मला तर वाटलं, चला, पोराने काहीतरी मागितलं तरी. केर्त्तुचं जाताना म्हटलेलं मला आठवलंच नाही.

तिचा फोन आला तो हंगामाच्या आधीच्या रविवारी, चर्च सुटल्यावर.

"काय दिलंत तुम्ही त्याला?" एवढंच म्हणाली आणि फोन आपटला.

मी गाडी काढली. रस्त्यावर नारिंगी कोट घातलेली माणसं दुकानाबाहेर उभी राहून हसत होती, गाड्यांच्या मागे सामान भरत होती. मला त्यांचा राग आला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण आला.

केर्त्तुचं स्वयंपाकघर ऊबदार होतं. टेबलावर वेलचीचा पाव कापून ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. घरभर तेलाचा उग्र वास भरला होता, पावाचा वास त्यात कुठल्या कुठे गेला होता. भिंतीवर ओन्नीची बंदूक टांगली होती, माझी नळी बसवलेली, चकचकीत. तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलेलं नव्हतं.

आर्ने खिडकीपाशी बसला होता. मांडीवर सुटी नळी. आता तिला मागे बोल्ट नव्हता, धड नव्हतं, दोन्ही तोंडं उघडी. गज एका बाजूने घातला की दुसऱ्या बाजूने बाहेर येत होता आणि चिंधी जमिनीवर पडत होती. पूर्वी निदान गज आत जाऊन कुठेतरी अडत होता. आता अडायला काही उरलं नव्हतं. पायांपाशी चिंध्यांचा ढीग साचला होता.

हे मीच करून दिलं होतं. स्वतःच्या हातांनी, नट सोडून.

"सकाळपासून हेच," केर्त्तु म्हणाली. "आधी जेवणानंतर पुसायचा. आता उठल्यापासून."

आर्नेने नळी डोळ्याला लावली आणि खिडकीतून झाडांकडे बघितलं. "आता आरपार दिसतं," तो म्हणाला.

"आर्ने, दे ती इकडे," मी म्हणालो. "माझ्याकडून चूक झाली. मी घेऊन जातो ती."

"थोडी राहिली आहे, काका." त्याने जमिनीवरची ताजी चिंधी उचलून माझ्यासमोर धरली. "बघा बरं. पांढरी आहे का?"

मी ती उजेडाकडे नेली. पांढरीच होती. माझ्या घरातल्या टॉवेलपेक्षा पांढरी.

"पांढरी आहे रे, राजा," मी म्हणालो. "एक ठिपका नाही. तुझा काही दोष नाही."

त्याने माझ्या हातून ती काढून घेतली, समजूतदारपणे मान डोलावली, आणि नवी चिंधी गजाला लावली. सर्र.

केर्त्तुने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. ती आली आणि मी कधी बघितलं नव्हतं असं काहीतरी तिने केलं. त्याच्यासमोर खाली बसली, त्या ढिगातच, चर्चला जायचा चांगला झगा घालून. नळीतून पडलेली चिंधी तिने उचलली. उलटसुलट करून बघितली. अगदी जवळ धरून, सुई ओवताना धरतात तशी.

"आहे," ती म्हणाली.

गज थांबला.

"काय आहे?" आर्नेने विचारलं.

"डाग. मला दिसतोय."

"केर्त्तु," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा, ताउनो. वर्षभर सगळे हेच बोलताय. मीही तेच बोलले." तिने चिंधी त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि हात तिथेच दाबून धरला. "तू मारलंस त्याला, आर्ने. तुझ्या हातून मेला माझा नवरा. ओन्नीला तू मारलंस. हे जाणार नाही. माझ्या सगळ्या चादरी फाडल्यास तरी जाणार नाही."

मला वाटलं आता हा पोरगा उठून धावत सुटेल, नाहीतर काही भलतंच करेल. मी दार अडवून उभा राहिलो. तो हलला नाही. आईकडे असा बघत होता, जणू घरात इतके दिवस कुणी नव्हतं आणि आत्ता कुणीतरी दार उघडून आलं होतं.

"तुला राग आहे माझा?" त्याने विचारलं.

"आहे. रोज आहे. तू जेवायला बसलास की येतो, तुझी पाठ त्याच्यासारखी दिसली की येतो. कधी कधी तर मला वाटतं—" तिने त्याचा गुडघा आणखी दाबला आणि मोठ्याने म्हणाली. "राग आहे, आणि तू माझा आहेस. दोन्ही आहे. तू नसलास तर मला कुणी नाही रे. हे मी कुणाला सांगू? हे कुठल्या चिंधीने पुसू?"

आर्नेचं तोंड वाकडं झालं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, मग फुटला तो माणसाचा वाटेना. नळी त्याच्या मांडीवरून घरंगळली, जमिनीवर आपटून टेबलाखाली गेली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. त्याचं डोकं आईच्या खांद्यावर पडलं आणि तिने ते दोन्ही हातांनी धरलं, केस मुठीत धरून, मारावं की कुरवाळावं ते ठरत नसल्यासारखं.

"घरी जा, ताउनो," ती मागे न बघता म्हणाली.

मी गेलो. गाडीत बसलो, किल्ली लावली, पण फिरवली नाही. आतून रडण्याचा आवाज येत होता. दोघांपैकी कोण ते ओळखू येईना, आणि मला ओळखायचंही नव्हतं. माझ्या मुठीत आर्नेच्या पायांपाशच्या ढिगातली एक चिंधी आली होती, कधी उचलली कळलं नाही. ती मी उजेडात धरून बघितली, केर्त्तुला दिसलेला डाग मला दिसतो का. बराच वेळ बघितली.

मग मीही रडलो.